चार पन्नासचा पेशंट

ग्रार्द स्माल्डर्सना आम्ही नेहमी शेवटची वेळ देतो.
चार पन्नास. कारणाच्या रकान्यात: वाहक.
त्यांच्यानंतर कोणी नाही, फक्त फडकं,
खुर्चीचे हात, दाराची मूठ, सही केलेलं पेनसुद्धा.

वेटिंग रूममध्ये त्यांना बसवत नाहीत.
ते सायकलींच्या शेडपाशी उभे राहतात, टोपी मुठीत,
आणि मी मागच्या दारानं आत घेते.
पिवळा गाऊन, मास्क, हातमोजे, मगच "या".
तीन वर्षांत त्यांनी माझे डोळे तेवढे पाहिलेत.

पायावरची जखम बशीएवढी होती, नाण्यावर आलीय.
तिची तक्रार नाही.
तक्रार आहे ती नाकातल्या बिऱ्हाडाची.
लॅबच्या कागदावर औषधांची नावं एकाखाली एक,
बहुतेकांपुढे निष्प्रभ, निष्प्रभ.
उरलेली दोन-तीन हात राखून वापरायची.

"मी आजारी आहे का?" पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं.
नाही, म्हटलं. तुमच्याकडे ते राहतात, एवढंच.
त्यांनी जरा विचार केला.
"म्हणजे भाडेकरू. भाडं न देणारे."

मलम सांगितलं: दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून तीनदा, पाच दिवस.
औषधी साबणानं केसांसकट अंघोळ.
रोज धुतलेली चादर, रोज धुतलेला टॉवेल.
चादरींपाशी ते हसले.
मीप गेल्यापासून दोनच वापरात आहेत म्हणाले,
एक अंगाखाली, एक दोरीवर.
पण सगळं केलं. कॅलेंडरवर फुल्या मारून दाखवायला आणलं.
सहाव्या दिवशी पहाटे शेडमध्ये गेले.
अकराशे डुकरं, अकराशे नाकं.
एक पिल्लू अडलं होतं. कोपरापर्यंत हात घालून काढलं,
श्वास घेईना, म्हणून तोंडात फुंकर घातली.

पुढच्या स्वॅबमध्ये सगळे परत हजर.
डॉक्टर लीनडर्स म्हणाले, पुन्हा मलम नको,
पालथ्या घड्यावर पाणी. वर मलमालाही ते सरावतील.
शेड आहे तोवर हे आहे.
पिल्लाचं काय झालं, ते मी विचारलं.
"जगलं," ग्रार्द म्हणाले. "आणि मग विकलं."

यंदा सरकारनं पैसे देऊन शेडं बंद करायला घेतली.
मंगळवारी तीन ट्रक आले.
त्याबद्दल ते बोलले नाहीत. बोलले ते एवढंच,
की रात्री पंख्यांची घरघर नाही,
झोप लागत नाही.

मग पुन्हा मलम, पुन्हा फुल्या,
आठवड्याच्या अंतरानं तीन स्वॅब.
आज तिसरा रिपोर्ट आला. स्वच्छ.
दार मी मास्क न लावताच उघडलं.
ते बघत राहिले.
"मला वाटायचं, तू पन्नाशीची असशील."

पाय वर घेतला. हातमोजे घातलेच मी,
जखमेला ते लागतातच.
"एकही नाही?"
एकही नाही.
"नक्की? एखादा लहानसहान?"
मी म्हटलं, सगळे लहानसहानच असतात ते.
ते हसले नाहीत.
रिकाम्या भिंतीकडे पाहत म्हणाले,
"म्हणजे त्यांचं माझ्याकडे होतं, तेवढंही गेलं."

अभिनंदन म्हणायचं मी ठरवलं होतं.
पट्टी गुंडाळत राहिले,
हवे होते त्यापेक्षा दोन वेढे जास्त.

मग स्क्रीनकडे वळून म्हटलं,
पुढच्या वेळी सकाळी नऊ दहाला या,
आता वेटिंग रूममध्ये बसता येईल, तिथे कॉफी असते.
त्यांनी टोपी घातली.
"चार पन्नास कोणी घेतलीय?"
नाही.
"मग राहू दे तीच."

मागच्या दारानंच गेले.
मी वेळ भरली, रकाना पुसला,
आणि वाहकच्या जागी लिहिलं:
पेशंटची इच्छा.